अन्नपूर्णा नसलेली द्वारकाकाकू

द्वारकाकाकू गेल्याची बातमी आली तेव्हा मी जबलपूरजवळच्या महाराजपुरात एका चिंचेखाली उभी राहून बायकांना त्यांचे हक्क समजावून सांगत होते. बायका ऐकत होत्या असं मी म्हणणार नाही. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या आणि मी मधे मधे त्यांच्या उजेडात येत होते. आमच्या गल्लीतला दूधवाला सायकल हातात धरून आला आणि माझं वाक्य संपेपर्यंत अदबीने थांबला. माझी वाक्यं लांब असतात. मग म्हणाला, "दीदी, काकीजी नहीं रहीं. सुबह." मला रडू आलं नाही, राग आला. काही वाईट घडलं की हे कोणी केलं आणि त्याच्याविरुद्ध पत्रक कधी काढायचं हेच आधी माझ्या डोक्यात येतं. तापाविरुद्ध पत्रक निघत नाही हे कळायला सराफ्यातल्या आमच्या गल्लीपर्यंतचा सगळा रस्ता लागला...

ते रडू पुढे आलं, त्याबद्दल मी लिहिणार नाही. लिहायला बसले आहे ते शोकसभेमुळे. तिथे एकामागून एक सद्‌गृहस्थ उठले आणि काकूला अन्नपूर्णा म्हणाले. सुगरण म्हणाले, सोशिक म्हणाले, एकांनी तर 'चुलीपाशी तेवणारी समई' म्हटलं. हे गृहस्थ तिच्या घरी कधी जेवलेले नाहीत. आपल्याकडे बाई मेली की लोक तिला आधी स्वयंपाकघरात नेऊन बसवतात आणि मग हार घालतात. या पुरवणीच्या संपादकांनीही मला "जरा हृद्य लिहा" असं सुचवलं आहे. ते मला जमत नाही. खरं लिहिते. द्वारकाकाकूला स्वयंपाकाचा मनापासून कंटाळा होता. ती म्हणायची, "सकाळी केलं, दुपारी संपलं, संध्याकाळी पुन्हा तेच. एवढ्या मेहनतीत एखादी भिंत तरी उभी राहिली असती."

ती माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. माहेर यवतमाळकडचं. लग्न होऊन जबलपुरात आली आणि बापूकाकांच्या घराची झाली. बापूकाका कचेरीत हेडक्लार्क. वाईट माणूस मुळीच नाही, पण नियमाचा. कचेरीत कागद जसा जागच्या जागी, तसं घरी पान. डाव्या हाताला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या हाताला भाजी, तिच्या खाली काहीतरी गोड, गुळाचा खडा का असेना. मधे भात, त्यावर वरण. हे सणासुदीला नाही, रोज, दोन्ही वेळा, आणि संध्या आटोपून ते पाटावर बसतील त्या क्षणी. एखादी जागा रिकामी दिसली तर ओरडत नसत. नुसते तिच्याकडे बघत बसत. काकू म्हणायची, ओरडले असते तर बरं होतं, ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं.

आता तारेबद्दल. तार इंग्रजीत येते. मध्यप्रांतात राज्य कोणाचं आहे हे आमच्या गल्लीतल्या बायकांना तारवाल्याने शिकवलं. दुपारी तार यायची, पुरुष कचेरीत किंवा दुकानात, आणि बाई ती बंद तार देवापुढे ठेवून संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत बसायची. ज्या सरकारला घराघरातून कर हवा, त्याला त्याच घरातल्या बाईला मरणाची बातमी तिच्या भाषेत सांगता येत नाही, यावर मी एक पत्रक काढलं होतं. ते चांगलं होतं. त्या कागदाने लोणच्याच्या बरण्यांची तोंडं बांधली गेली.

काकूची गोष्ट अशी. यवतमाळहून तार आली. तिचा भाऊ तेव्हा आजारी होता. काकू दुपारभर रडली, शेजारणी जमल्या, त्याही रडल्या, भावाचे गुण आठवून झाले. संध्याकाळी बापूकाका आले, तार फोडली आणि म्हणाले, "मुलगा झाला त्यांना." काकू मला पुढे कितीदा तरी सांगायची, "मी इकडे त्याच्यासाठी रडून रडून आंधळी झाले आणि तो तिकडे पेढे वाटून राहिला होता. चलो, आता हे पुरे. मला तार वाचता आली पाहिजे. बाकी इंग्रजी साहेबाला लखलाभ."

त्याच सुमारास आम्ही मुलींच्या शाळेतली एक खोली मिळवून बायकांसाठी संध्याकाळचा इंग्रजी वर्ग सुरू केला होता. नावं पुष्कळ आली, बाई एकही आली नाही. कारण वर्गाची वेळ आणि चूल पेटवायची वेळ एकच. दुपारी खोली मिळेना, तिथे मुली शिकत होत्या. काकूने बापूकाकांना विचारलं तेव्हा मी समोर होते, भांडणाच्या तयारीने. बापूकाका शांतपणे म्हणाले, "जा नं. काहून नको म्हणू? पान वेळेवर आणि पूर्ण पाहिजे, बस."

ही असली परवानगी नकारापेक्षा वाईट असते. नकाराविरुद्ध लढता येतं. मी काकूला उपोषण सुचवलं.

"मी काहून उपाशी राहू?" ती म्हणाली. "पान यांना पाहिजे, उपाशी मी?"

"मग स्वयंपाकच करू नकोस. संप."

"हे खानावळीत जातील, पोट बिघडवून घरी येतील. मग पेज कोण करेल, तू?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे, काकू."

"अच्छा. तत्त्वाला भूक लागत नाही, शालू, म्हणून ते तुझ्याकडे राहतं."

मला तिचा अतिशय राग आला. तिने मला कणीक मळायला बसवलं.

तिने काय केलं ते मी नीट लिहिते, कारण शोकसभेत ते कोणी सांगितलं नाही. दुपारची जेवणं झाली की चुलीतल्या निखाऱ्यांवर तुरीच्या डाळीचं पातेलं ठेवायचं, झाकण घालायचं आणि त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. संध्याकाळपर्यंत डाळ आपली आपण गळून लोणी होते. कणीक घट्ट मळून ओल्या फडक्याखाली. वर्गातून घरी आलं की चूल फुंकायची, डाळीत पाणी, हळद, तिखट, मीठ आणि गुळाचा खडा घालून उकळी आणायची. तोवर जाडसर पोळी लाटून तिच्या वड्या कापायच्या आणि एकेक करून उकळीत सोडायच्या. वर हिंग-मिरचीची फोडणी. ही आपली वरणफळं. पोळीही त्यातच, वरणही त्यातच, घासायला एक पातेलं. लिंबू मात्र पातेल्यात नाही, पानात पिळायचं. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट घालणारा माणूस नवखा असतो किंवा पुरुष, असं काकूचं मत. बापूकाका हातपाय धुऊन संध्या करून उठेपर्यंत फळं शिजतात. आधी केली तर फुगतात, उशिरा केली तर कच्ची. काकू म्हणायची, यांच्या संध्येचा मला पहिल्यांदाच उपयोग झाला.

पहिल्या वर्गाच्या दिवशी मी तिच्याबरोबरच घरी आले. भीती मला वाटत होती, तिला नाही. बापूकाका पाटावर बसले. काकूने वाढलं. मीठ मिठाच्या जागी, लिंबू लिंबाच्या जागी. चटणीच्या जागी एक वरणफळ. कोशिंबिरीच्या जागी दोन. भाजीच्या जागी चार. त्यांच्या खाली एक, त्यावर गूळ. आणि मधे, भाताच्या जागी, वाफाळणारा ढीग. बापूकाकांनी पानाकडे पाहिलं. मग काकूकडे. मग पुन्हा पानाकडे, डावीकडून सुरुवात करून.

"ही चटणी?"

"हो. तिखट जास्त आहे त्यात."

"आणि कोशिंबीर?"

"ती जरा थंड करून वाढली."

"ही भाजी म्हणायची?"

"कोथिंबीर दिसून राहिली नं वर."

मी पाण्याच्या तांब्याआड तोंड लपवलं होतं. कचेरीत एखादा अर्ज पटत नाही पण त्यात खोट सापडत नाही, तेव्हा बापूकाका असेच दिसत असणार. शेवटी त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं आणि जेवायला लागले. आधी मधलं थोडं, मग तोंडीलावणं म्हणून चटणीचं फळ, मग पुन्हा मधलं, मग भाजी... नेहमीच्याच क्रमाने, एकही पायरी न चुकता. गुळाचं शेवटी. उठताना म्हणाले, "कोशिंबीर पुढल्या वेळी थोडी जास्त वाढ."

तिथून ते गल्लीत पसरलं. वर्गाच्या संध्याकाळी घराघरातून एकाच फोडणीचा वास यायला लागला आणि वर्गात बसायला जागा पुरेना. मग पुरुषांचं शिष्टमंडळ बापूकाकांकडे आलं. पुढारी शेजारचे वामनराव. मी ओसरीवरच होते, वादाला उतावीळ, पण काकूने डोळ्यांनी मला बसवलं.

वामनराव म्हणाले, "बापूसाहेब, तुमच्या घरून ही साथ आली. आमच्याकडे आठवड्यातून तीनदा एकच पदार्थ पानभर."

"पानात एखादी जागा रिकामी होती?" बापूकाकांनी विचारलं.

"रिकामी नव्हती, पण..."

"पान वेळेवर मिळालं?"

"मिळालं."

"मग तक्रार कशाची करून राहिले तुम्ही?"

"सगळीकडे तेच आहे हो."

"जागा भरलेल्या असाव्या असा नियम आहे. कशाने, ते तुम्ही आधी ठरवून घ्यायचं होतं. मीही नव्हतं घेतलं."

शिष्टमंडळ चहा पिऊन गेलं. मी त्याच दिवशी पत्रक लिहायला घेतलं, 'सराफ्यातील महिलांचा विजय'. काकूने कागद माझ्या हातून काढून घेतला. "छापशील तर यांना कळेल की हे हरले. अजून कळलेलं नाही. राहू दे." मला आजही वाटतं छापायला हवं होतं. आज छापते आहे.

आणि ती शिकली. सुरेख इंग्रजी वगैरे नाही. आपल्याला लागतील तेवढे तारेतले शब्द तिने गोळा केले, जन्माचे, मरणाचे, आजाराचे, येण्याजाण्याचे. गल्लीत कोणाचीही तार आली की बायका ती घेऊन तिच्या ओट्यावर यायला लागल्या. पुढे तारवालाच थेट तिच्या दारी सायकल थांबवून हाक मारायला लागला. एका दुपारी वामनरावांच्या बायकोची, इंदूची, तार आली. काकूचे हात कणकेचे. तिने तार दोन बोटांत धरली, ओठ हलवत वाचली, पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, "इंदू, बाबा फार आजारी आहेत. लगेच निघ म्हणतात." इंदू म्हणाली, हे येऊ देत घरी. काकू म्हणाली, "हे येईपर्यंत गाडी जाईल." तिने हात धुतले, टांगा बोलावला आणि इटारसीकडच्या गाडीत इंदूला स्वतः बसवून आली. वडील त्यानंतर फार काळ राहिले नाहीत, पण इंदूशी बोलले. तिला त्यांनी ओळखलं. संध्याकाळपर्यंत तार देवापुढे पडून राहिली असती तर ते झालं नसतं... वामनराव त्या संध्याकाळी काकूकडेच जेवले. डावीकडून उजवीकडे सगळी वरणफळं. जाताना काकूला वाकून नमस्कार केला. वयाने ते मोठे होते.

शोकसभेत तेही बोलले. अन्नपूर्णा म्हणाले. मी त्यांना माफ केलेलं नाही.

परवा संध्याकाळी बापूकाकांकडे गेले होते. ते आता निवृत्त आहेत, एकटे, आणि स्वतः रांधतात. चुलीवर वरणफळं होती. पानं दोन मांडलेली, एक माझं. तेवढ्यात दारात सायकलची घंटा वाजली. तारवाल्याला काकू गेल्याचं ठाऊक आहे, तो तिच्या दहाव्याला आला होता, पण सायकल अजून तिथेच थांबते. तार मागच्या घरातल्या सरूची होती. कालपरवा लग्न होऊन आलेली पोर, नवरा नोकरीसाठी कटनीला गेलेला, वर्गात जेमतेम महिना झालेला. ती पळत आली आणि तार तिने बापूकाकांपुढे धरली. ज्या माणसाने आयुष्यभर इंग्रजीत मसुदे लिहिले त्याला एक नजर पुरे होती. त्यांची नजर कागदावरून गेली, तेव्हा मी त्यांच्याकडेच बघत होते. चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही.

"तू वाच," ते म्हणाले.

"काका, मला नाही येणार. काही वाईट तर नाही नं?"

"वाच तर. मी इथेच आहे."

ते आत गेले, पातेलं चुलीवरून खाली उतरवलं आणि पुन्हा बाहेर येऊन उभे राहिले. सरू एकेका अक्षरावर बोट ठेवत होती. रडवेली व्हायची, थांबायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. तिच्या खांद्यावरून मी तार कधीच वाचली होती, उत्तर माझ्या जिभेवर शंभरदा आलं, पण बापूकाकांकडे बघून मी गप्प राहिले. दिवे लागायची वेळ टळून गेली. अखेर ती म्हणाली, "पोहोचले. पोहोचले... सुखरूप?" बापूकाकांनी मान हलवली. ती हसत, डोळे पुसत, वाकून नमस्कार करायचं विसरून पळाली.

आम्ही जेवायला बसलो तेव्हा फळांचा लगदा झाला होता. पळीने वाढता येईना, म्हणून बापूकाकांनी उलथन्याने एक गोळा माझ्या पानात ठेवला, एक स्वतःच्या. दोन्ही मधोमध, बाकीच्या जागा रिकाम्या. वर लिंबू पिळलं.

"आपलं आपणच वाचलं नं तिनं?" त्यांनी विचारलं. "मी काही बोललो नाही?"

"नाही बोललात," मी म्हटलं.

"अच्छा," ते म्हणाले आणि जेवायला लागले.