राखीव

मंडळाच्या ग्रुपवर सकाळी मेसेज आला, 'आपले चॅम्पियन वॉल्टर अंकल गेले.' खाली जोडलेल्या हातांची रांग. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिले. माणूस त्र्याण्णव वर्षांचा, महिनाभर हॉस्पिटलात होता, तेव्हा बातमीने धक्का बसला असं म्हटलं तर ते खोटं होईल. धक्का बसला तो 'चॅम्पियन' या शब्दाचा. तो शब्द मी त्यांना चिकटवला होता, आणि ते कधीच चॅम्पियन नव्हते. आज सहा आठवड्यांनी हे पुरवणीत लिहिते आहे, कारण जिथे बोलायला हवं होतं तिथे मी गप्प बसले. तेही दोनदा.

वॉल्टर आमच्या अबुधाबीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मुलीकडे राहायचे. मुलगी एलेन इथल्या एका शाळेत शिकवते. ते इतके उंच की लिफ्टमध्ये शिरताना मान वाकवायचे आणि आत आले की इथल्या अरबीत सगळ्यांना 'यल्ला', चला, म्हणायचे. इमारतीमागे बास्केटबॉलचं छोटं कोर्ट आहे. संध्याकाळी मुलं खेळायची आणि हे कडेला घडीची खुर्ची टाकून बसायचे. कुणी दमून बाहेर आलं की उठून त्याला स्वतःची खुर्ची द्यायचे, वर टॉवेल. एवढ्या वयाचा माणूस दहा वर्षांच्या पोरासाठी का उठतो, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. मग एक दिवस माझी इरा घरी येऊन म्हणाली, "आई, वॉल्टर अंकल वॉज अ प्रो. इन द फिफ्टीज, इन अमेरिका." झालं. मंडळाचं सूत्रसंचालन गेली बारा वर्षं माझ्याकडे आहे, आणि माइक हातात आला की हिला आवरणं कठीण, असं आमच्या घरात म्हणतात. मी कमिटीत जाहीर करून टाकलं, क्रीडादिनाला खराखुरा अमेरिकन व्यावसायिक खेळाडू आणते. कसला खेळाडू, किती खेळला, काही विचारलं नाही. फुशारकी मारायला तेवढं पुरे होतं.

शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर मीच कागद चिकटवले होते, 'राखीव'. वॉल्टरना तिथे बसवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मेधा, हे काय लिहिलंय?" मी म्हटलं, "रिझर्व्ह्ड." ते इतके हसले की शेजारचे आजोबा वळून बघायला लागले. "बरोब्बर ओळखलंत मला," म्हणाले. मला वाटलं, म्हातारा गमत्या आहे.

गंमत कसली ते भाषणात कळलं. मुलांना इंग्रजी समजतं, पण पुण्याहून, ठाण्याहून व्हिजिट व्हिसावर आलेल्या आजी-आजोबांसाठी मी मराठी करणार होते. हॉलमध्ये आवाज घुमत होता, वॉल्टरचं पुटपुटतं अमेरिकन इंग्रजी बाकीच्या मोठ्यांनाही धड कळत नव्हतं, तेव्हा सगळेच माझ्या मराठीची वाट बघायचे. वॉल्टर दोन वाक्यं बोलून माझ्यासाठी थांबायचे. ते म्हणाले, "मी तीन मोसम व्यावसायिक खेळलो. खरं म्हणजे बहुतेक वेळ बसलो. मी राखीव होतो." समोरचे पन्नास चेहरे माझ्याकडे बघत होते, कमिटीचे अध्यक्ष हसत होते, आणि मी तोंडघशी पडणार हे मला स्वच्छ दिसलं. मी म्हटलं, "तीन वर्षं यांनी अमेरिकेची मैदानं गाजवली." टाळ्या. ते म्हणाले, सरावात माझं काम म्हणजे पुढच्या सामन्यात समोर येणाऱ्या मोठ्या खेळाडूची नक्कल करायची, म्हणजे आमच्या मुलांना त्याला अडवायची सवय होईल. मी म्हटलं, "मोठमोठे खेळाडू यांना घाबरून असायचे." ते म्हणाले, एकदा मात्र मला सलग सात मिनिटं खेळायला मिळालं, आणि ती सात मिनिटं मी अजून मिनिटामिनिटाने सांगू शकतो. मी म्हटलं, "आणि शेवटच्या सात मिनिटांत यांनी संघाला अजिंक्यपद मिळवून दिलं." शेवटी ते म्हणाले, "तिसऱ्या मोसमानंतर कोचने हॉटेलच्या लॉबीत बोलावलं, हात मिळवला... खलास. मग मी तीस वर्षं शाळेत मुलांना शिकवलं." याचं मी काय केलं ते आठवत नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि वॉल्टर गोंधळून माझ्याकडे बघत होते. परतताना गाडीत इरा म्हणाली, "आई, ही डिडन्ट से दॅट." मी म्हटलं, "गप्प बस."

आठवड्याभराने एका आजोबांनी लिफ्टमध्ये त्यांचे दोन्ही हात धरून 'चॅम्पियनसाहेब' म्हटलं. त्याच संध्याकाळी वॉल्टरनी मला कोर्टाजवळ थांबवलं. म्हणाले, "तुम्ही त्यांना काय सांगितलंत?" मी म्हटलं, "थोडं सजवलं, एवढंच." ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते खेळणाऱ्या मुलांकडे बघत सावकाश बोलले. "दर आठवड्याला मी दुसराच कोणीतरी असायचो. माझा स्वतःचा खेळ कसा होता, हे कुणी पाहिलंच नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी तो लोकांना सांगत होतो, मेधा." मग म्हणाले, "त्याच माइकवरून एकदा खरं सांगाल?" मी म्हटलं, "पुढच्या कार्यक्रमात, नक्की." तेव्हाही मला बिचारे भोळे वाटले, काय फरक पडतो इतका...

पुढचा कार्यक्रम संक्रांतीचा होता. तिळगुळाच्या गर्दीत कुठे हे काढायचं? मग गुढीपाडवा आला, गणपती आले, दिवाळी पहाट झाली. प्रत्येक वेळी ते आले, मागच्या रांगेत बसले, मी माइक खाली ठेवेपर्यंत माझ्याकडे बघत राहिले. परत कधी विषय काढला नाही. कुणी चॅम्पियन म्हटलं की मान लववायचे. दीड वर्ष तो माणूस माझी अब्रू झाकत राहिला, आणि मी ते त्यांचा मोठेपणा म्हणून सोयीस्करपणे बाजूला ठेवलं.

शोकसभेत मी एलेनच्या शेजारी बसले होते. अध्यक्ष बोलत होते, जगज्जेता असूनही किती साधेपणा. एलेनने हळूच विचारलं, काय म्हणताहेत? मी म्हटलं, "तुमचे वडील मुलांशी फार प्रेमाने वागायचे, असं म्हणताहेत." म्हणजे या वेळी मी दोन्हीकडून खोटं बोलले. मागे इरा उभी होती. तिने माझ्या खुर्चीच्या पाठीवरचा हात काढून घेतला. शरम म्हणजे काय, हे मला पन्नासाव्या वर्षी तिथे कळलं.

दुसऱ्या दिवशी एलेनने ती घडीची खुर्ची आणून दिली, कोर्टावरच्या मुलांसाठी. खुर्चीच्या पाठीला माझाच कागद चिकटवलेला होता, क्रीडादिनाचा, कोपरे पिवळे पडलेला. "डॅड म्हणायचे, हे तुमच्या भाषेतलं माझं नाव. याचा नेमका अर्थ काय?" मी सांगितलं, बाकावर बसलेल्या खेळाडूला म्हणतात. आणि कुणासाठी मुद्दाम राखून ठेवलेल्या जागेलाही. मग बाकीचंही सगळं सांगितलं. ती बराच वेळ त्या कागदावरून अंगठा फिरवत राहिली. "त्यांना ठाऊक होतं, तुम्ही सांगणार नाही," म्हणाली, "तरी प्रत्येक कार्यक्रमाला शर्टला इस्त्री करून जायचे."

खुर्ची आता कोर्टाच्या कडेला असते. दमलेलं मूल त्यावर बसतं, आणि पुढचं आलं की उठतं. हे मुलांना कुणी शिकवलं ते सांगायला नको. वॉल्टर राखीव खेळाडू होते. तीन मोसमांत एकदा सलग सात मिनिटं खेळले. पुढच्या रविवारी मंडळाच्या माइकवरून मी हेच वाचणार आहे, आणि एलेनसाठी इंग्रजी इरा करणार आहे. परवा तिला म्हटलं, माझ्याबद्दलचं आहे ना, तिथे थोडं सौम्य कर. ती त्या खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधत होती. वर न बघता म्हणाली, "नो, आई."