वाट्या कोरड्या का?

"मावशी, माश्या घर सोडतायत वाटतं," वैद्यबाई फोनवर म्हणाल्या. मी चौक गावाहून बस आणि रिक्षा करून खारीला त्यांच्या गच्चीवर पोचले. रिटायर झाल्यावर बाईंनी माझ्याकडून शिकून मधमाश्यांची ही एकच पेटी ठेवली होती. "या गेल्या तर मी परत पेटीला हात लावणार नाही," त्यांनी जिन्यातच सांगून टाकलं.

पेटीच्या दारात माश्या सैरावैरा पळत होत्या. एकीच्याही पायाला पराग नव्हता. परागावर पिल्लं पोसतात. तो आणणं थांबलं, म्हणजे जायची तयारी.

झाकण काढलं. वरची मधकोठी रिकामी. आपण मध घेतो तो हिच्यातून. तिच्याखाली पिलावा कोठी. तिथे चौकटींवर पोळी असतात आणि राणी त्यांत अंडी घालते. राणी सापडली, अंडी मात्र थोडीच. दोन्ही कोठ्या उतरवून तळपाट पाहिला. तळपाट म्हणजे पेटीचा तळ. तो मुंग्यांनी काळा झाला होता.

मी खाली वाकले. स्टँडचे चार पाय चार वाट्यांत, आणि वाट्या कोरड्या.

"पाणी कुठंय?"

"मीच ओतून टाकलं. पालिकेचे लोक डासांच्या अळ्या बघायला येतात ना."

सोसायटीचे सेक्रेटरी शाहभाई मागेच उभे होते. "मौसी, मैंने ही बोला था. नोटीस पूरी बिल्डिंग को आएगी. पेटी उठाओ, झंझट खतम."

"पेटी उठणार न्हाय. काशीमीऱ्याला तुमचं गॅरेज हाय ना? इंजिनचं जळकं तेल आणा. त्यात डास व्हत न्हाय, मुंगी चढत न्हाय."

"सच्ची?"

"आणून तर बघा. डास बंद, मुंगी बंद, तुमची कटकट पण बंद."

बाई पदरात हसल्या. शाहभाई दुपारी स्वतः डबा घेऊन आले. तोवर मी तळपाट पुसला, मुंग्या झाडल्या, कोठ्या परत चढवल्या. मग वाट्यांत तेल ओतलं.

चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला. "मावशी, पायांना पिवळं लावून येतायत!"

बाईंना झाकणापासून तळपाटापर्यंत सगळे भाग पाठ होते. वाट्यांत पाणी ठेवा, एवढंच मी सांगितलं होतं. कशाला, ते सांगितलं नव्हतं. आता नवीन माणसाला शिकवताना मी वाट्यांपासून सुरू करते. मधकोठीचं कोणी ना कोणी आपणहून विचारतंच.