स्वतःच्याच बायकोवर: वॉर्ड नंबर चारमधले अकरा दिवस

डॉक्टरांनी रिपोर्ट खिडकीच्या उजेडाकडे धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारलं, "काका, कोण आहे ती?"

मी म्हणालो, "कोण ती?"

"लाजू नका. रोज दहा येतात असे. कारखान्यातली आहे की शेजारची? नाव कळलं की इलाज सोपा जातो."

मी नाव सांगितलं. शकुंतला. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग फॉर्मच्या वरच्या बाजूला 'पत्नीचे नाव' या रकान्यात पुन्हा तेच नाव दिसलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "लग्नाची बायको? आणि लग्नाला किती वर्षं झाली?" मी म्हणालो, सत्तावीस. त्यांनी बेल वाजवून शेजारच्या खोलीतल्या दोन डॉक्टरांना बोलावून घेतलं. तिघांनी आळीपाळीने माझी नाडी पाहिली.

आजाराचं नाव क्रॉनिक स्पाउझल अटॅचमेंट. क्रॉनिक म्हणजे जुनाट, स्पाउझल म्हणजे नवराबायकोतली आणि अटॅचमेंट म्हणजे ओढ. तरुणांना होतं ते अ‍ॅक्यूट, म्हणजे एकदम उसळणारं. ते गोळ्यांनी उतरतं, आणि गोळ्यांनी नाही उतरलं तर लग्न लावून दिलं की उतरतं. लग्नानंतरही टिकून राहिलेलं प्रेम या डॉक्टरांनी फक्त पुस्तकात वाचलं होतं.

हे मी लिहितोय ते माझ्यासारख्यांसाठी. उद्या कुणी पन्नाशी उलटलेला, संसारी, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला माणूस तपासणीच्या रांगेत उभा राहील आणि म्हणेल, मलाच कसं झालं. मीही तेच म्हणालो होतो. मी टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. आयुष्यभर टॉवेल उजेडात धरून दोष काढत आलो. हा दोष मात्र माझ्या नजरेतून सुटला.

लक्षणं आधीपासून होती. आमच्याकडे पाणी चार दिवसांनी येतं, तेही पहाटे. पिंप, हंडे, बादल्या, सगळं तेवढ्यात भरून घ्यायचं, आणि ते काम शकूचं. मध्ये तिला सर्दी झाली म्हणून मी भरलं. तिची सर्दी गेली तरी मी भरतच राहिलो, तिला उठवावंसं वाटेना. शेजारच्या चन्नम्माक्कांनी हे दोन वेळा पाहिलं. नवरा पाणी भरतोय, बायको झोपलीय आणि वर नवरा शीळ घालतोय. त्यांनी आरोग्य खात्याच्या हेल्पलाइनला फोन केला. नंतर मला म्हणाल्या, "अण्णा, तुमच्या बऱ्यासाठीच केलं की."

दुसऱ्या दिवशी गाडी आली. त्या वर्षी जिल्हा प्रेममुक्त करायचं ठरलेलं, त्यामुळे गाडी वेळेवर आली. तपासणी सोपी असते. बोटाला चिमटा लावतात, त्याने नाडीची रेघ कागदावर उमटते, आणि पडद्यावर चित्रं दाखवतात. पहिलं साखर कारखान्याच्या चिमणीचं, दुसरं वांग्याचं आणि तिसरा रेशनकार्डावरचा बायकोचा फोटो. त्या फोटोत शकू फोटोग्राफरशी भांडताना दिसते, कारण ती खरोखरच भांडत होती. माझी रेघ कागदाबाहेर गेली. तपासनीसाला वाटलं मशीन बिघडलं, म्हणून त्याने आपल्या बायकोचा फोटो लावून चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. त्याची रेघ सरळ आली. महिन्यापूर्वीच लग्न झालं होतं म्हणे. रिपोर्टवर मात्र फक्त रेघ जाते, फोटो कुणाचा होता ते जात नाही.

मला वॉर्ड नंबर चारमध्ये दाखल केलं. तिथे दोन नियम होते. एक आपल्याकडच्या सगळ्याच दवाखान्यांचा: पेशंटजवळ एक नातेवाईक कायम पाहिजे. खालून औषधं आणणं, रक्त घेऊन लॅबला पळणं, सलाइन संपली की सिस्टरला हाक मारणं नातेवाइकाशिवाय होतच नाही. दुसरा नियम फक्त याच दवाखान्याचा: सोर्स, म्हणजे जिच्यामुळे आजार झाला ती व्यक्ती, आवारात फिरकता कामा नये.

मुलगा पुण्याला. फोनवर म्हणाला, "पप्पा, मला रजा नाही. आणि कुणाला सांगू नका, आमच्या कंपनीत फॅमिली हिस्टरी विचारतात." राहिली शकू. नातेवाईक म्हणून पास तिलाच मिळाला. गेटवर 'यांना प्रवेश बंद' असा फळा होता आणि त्यावर तिचा रेशनकार्डाचा फोटो चिकटवलेला होता. वॉचमन रोज तिचा पास बघायचा, शिक्का मारायचा आणि आत सोडायचा. दुपारी ती त्याच फळ्याखालच्या बाकड्यावर बसून चहा प्यायची. त्या फोटोवरून तिला ओळखणारा जिल्ह्यात मी एकटाच असावा.

तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर राउंडला आले. कागद चाळत तिला म्हणाले, "मावशी, तुम्ही यांच्या कोण?"

"बायकू."

"मग तुम्हाला सांगायला नकोच. ती बाई इकडं आली तर लगेच सिस्टरला सांगा."

"मी हाय तवर कोण येतंय हितं," शकू म्हणाली. आणि तिने खरोखर पहारा दिला. उशी नीट करायला आलेल्या सिस्टरलाही तिने नाव विचारलं.

शेजारच्या कॉटवर रफिकभाई होते, स्वतःचा ट्रक चालवणारे. त्यांना तिसऱ्यांदा झालं होतं, तिन्ही वेळा वेगवेगळ्या गावात. माझी केस कळल्यावर म्हणाले, "तुमारा तो घरीच का मर्ज है मियाँ, डिझेल बी नै लगता."

उपचारांत पहिली आली फॉल्ट थेरपी, म्हणजे दोषलेखन. बोटाला चिमटा लावून वहीत बायकोचे शंभर दोष लिहायचे. हे तर माझं रोजचं काम, म्हणून मी उत्साहाने बसलो. शेंगाचटणीत लसूण जास्त घालते. दुसऱ्याचं बोलणं संपायच्या आत उत्तर देते. टीव्हीवरच्या माणसांना सल्ले देते. माझी चप्पल घालून गिरणीत जाते. झोपेत हिशोब केल्यासारखी पुटपुटते. बेचाळिसाव्या दोषाला सिस्टरने माझ्या हातून वही काढून घेतली, कारण दर दोषाला माझी रेघ वर चढत होती. शकूने वही मागून घेतली, वाचली आणि म्हणाली, "गिरनीत कवा ग्येले तुमची चप्पल घालून?" म्हणजे त्रेचाळिसावा दोष.

मग पथ्य. सोर्सच्या हातचं काही खायचं नाही. शकू रोज दुपारी डबा उघडून कडक भाकरी आणि चटणी पुढे ठेवायची. माझं ओढीचं काउंट का उतरत नाही याचं डॉक्टरांना फार कोडं पडलं होतं.

आठव्या दिवशी त्यांनी अटॅचमेंट ब्लॉक सांगितला. मणक्यात एक इंजेक्शन, की ओढ कायमची बंद. समोरच्या कॉटवरच्या बँकेतल्या क्लार्कला ते त्याच सकाळी दिलं होतं. आदल्या दिवसापर्यंत तो एका बाईचा फोटो उशीखाली ठेवून रडायचा. दुपारी सिस्टरने तोच फोटो त्याच्यापुढे धरला. त्याने नीट पाहिला, "बरी आहेत," म्हणाला आणि केळ सोलायला लागला.

मला सुईची भीती नव्हती. शकूकडे बघत आपण असंच केळ खात बसू, याची होती.

आणि इंजेक्शनच्या फॉर्मवर सही नातेवाइकाची लागते, म्हणजे शकूची. तिने ती का करू नये? दरवर्षी बायकांचं तपासणीचं शिबिर भरतं, त्यात तिची रेघ सरळ येते. सत्तावीस वर्षांत तिने मला प्रेमाचं एक अक्षर बोलून दाखवलेलं नाही. ती निरोगी बाई आहे आणि निरोगी माणूस आजाऱ्याला बरं करायलाच बघणार. मी तिला "करू नकोस" म्हणालो नाही. म्हणायचा धीरच झाला नाही.

शकू सातवी शिकलेली. तिने ओळीखाली बोट ठेवत अख्खा फॉर्म वाचला आणि डॉक्टरांना विचारलं, "सुई दिल्यावर काय हुतंय?"

"काही नाही, मावशी. जेवतील, कामावर जातील, तुम्हाला ओळखतील. फक्त आतलं बंद होईल."

"आनि परत चालू कराया?"

"परत चालू होत नाही."

तिने फॉर्मच्या चार घड्या करून तो डब्याच्या पिशवीत टाकला. दोन दिवस तो तिथेच राहिला. अकराव्या दिवशी सकाळी ती काउंटरवर गेली आणि दुसरा फॉर्म घेऊन आली. डामा, डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अ‍ॅडव्हाइस. म्हणजे डॉक्टर नको म्हणत असताना आपल्या जबाबदारीवर पेशंट घरी नेणं. डॉक्टरांनी तिला बसवून समजावलं. दारावर पिवळी पाटी लागेल. यांना कारखान्यात माणसांत काम मिळणार नाही, गोदामात एकटं बसावं लागेल. शेजारी विरजणसुद्धा मागणार नाहीत.

"असू द्या," शकू म्हणाली. "तसंबी लई कोन येत न्हाय आमच्याकडं."

नेणाऱ्याला लागण झालेली नाही ना, हे सुटी देण्याआधी तपासतात. शकूच्या बोटाला चिमटा लावला आणि पडद्यावर माझा फोटो आला. मी रेघेकडे बघत होतो. सरळ. फळीला लावून ओढावी तशी सरळ. सिस्टर म्हणाली, "एकदम नॉर्मल." खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटलं. सुटका झाली होती आणि रडू येत होतं.

रिक्षात मी तिला विचारलं, "शकू, तुला काहीच होत नाही का गं?"

तिने आधी रिक्षावाल्याकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "तुमचा फोटू दावला की मी मनात वन्संस्नी आनते."

वन्सं म्हणजे माझी थोरली बहीण, माळशिरसला दिलेली. आली की आधी डबे उघडून बघते आणि मग पाणी पिते.

"त्येंचं त्वांड आटवलं की समदं गार पडतंय," शकू म्हणाली. "पैल्या शिबिरापास्नं असंच करते."

पहिलं शिबिर झालं ते आमच्या लग्नाच्या वर्षी.

"मग मला कधी बोलली नाहीस?"

"तुमच्या पोटात काय ऱ्हातंय का? आनि दोगांस्नीबी धरलं आसतं तर डबा कुनी आनला आसता?"

घरी येईपर्यंत मी डब्याची पिशवी मांडीवर धरून बसलो.

आरोग्य खात्यातल्या वाचकांनी वरचा मजकूर एका आजारी माणसाची बडबड समजावा. शकूचा रिपोर्ट नॉर्मल आहे, फाइलला लावलेला आहे. बाकी पेशंटांना सांगणं एवढंच, की घाबरू नका आणि सोबत कोण येतंय ते बघून दाखल व्हा. मी वॉचमनचा आभारी आहे, रफिकभाईंचा आहे, आणि सगळ्यांत जास्त माझ्या बहिणीचा. तिला काही कल्पना नाही, पण आमचा संसार तिच्या चेहऱ्यावर तरला आहे.

पुढच्या महिन्यात माझी फेरतपासणी आहे. शकू रोज जेवण झाल्यावर माझा सराव घेते. समोर बसते आणि म्हणते, "हं, आना वन्संस्नी मनात." मी डोळे मिटून ताईला आणतो. पण ती माझी बहीण पडली. लहानपणी मला कडेवर घेऊन फिरलेली. तिचा चेहरा आला की मला उलट भरूनच येतं. मग मी कारखान्यातला मुकादम आणला, रेशनकार्डाचा फोटोग्राफर आणला, चन्नम्माक्कांना आणलं. त्यांचाही राग येईना. शकूने माझ्या मनगटावर बोटं ठेवून बराच वेळ नाडी मोजली आणि मान हलवली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमाला न्हाय जमायचं. तुमी ऱ्हावा आजारी. मी हाय की बरी."