बाबांच्या कानाकडे तोंड केलेला स्पीकर

बाबा गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, होते. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून तिथे सगळे ओठ बघून बोलत. संप झाला, गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही, पण सवय राहिली. समोर उभं राहून बोललं की ते बरोबर उत्तर द्यायचे. त्यामुळे त्यांचे कान गेलेत हे आम्हाला कित्येक वर्षं कळलंच नाही.

डिलाईल रोडची आमची चाळ पाडून इमारत झाली, तेव्हा मी हौसेने होम थिएटर घेतलं. टीव्हीच्या दोन बाजूंना दोन उभे स्पीकर, सोफ्यामागे दोन छोटे आणि मधला आडवा, ज्यातून संवाद येतात. तो बायकोने शोकेसच्या खालच्या कप्प्यात अगदी आत सरकवला आणि पुढे फुलदाणी ठेवली. मीही हरकत घेतली नाही. छान दिसत होतं.

बाबा थोडे दिवस आमच्यात बसले. मग नाटकाची सीडी लावली की उठून गॅलरीत जायला लागले. मागून काही विचारलं तर भलतंच उत्तर. आई हळूच म्हणाली, "ह्येंच्या डोक्यात काय ऱ्हवणा नाय आता." मी हादरलो. माझे थोरले काका शेवटी स्वतःचं घरसुद्धा ओळखत नव्हते.

डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या केल्या. म्हणाले, "डोकं ठणठणीत आहे. मागांच्या आवाजाने कान खराब झालेत. स, त, क अशी अक्षरं त्यांना नीट ऐकू येत नाहीत."

बाहेर येऊन मी बाकावर बसलो.

"रडतंस कित्याक?" बाबांनी विचारलं.

"रडत नाही. बरं वाटतंय."

डॉक्टरांनी दिलेलं कानातलं यंत्र त्यांनी आठवडाभर वापरून कपाटात टाकलं. मग संवाद तरी त्यांना नीट ऐकू यावेत म्हणून मी मोठा मधला स्पीकर घ्यायला लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराने आधी विचारलं, "आत्ताचा कुठे ठेवलाय?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मग नवा कशाला? कप्प्यात आवाज घुमतो, शब्द दबतात. टीव्हीच्या लगेच खाली, फळीच्या कडेपर्यंत पुढे घ्या, तोंड बसणाऱ्याच्या कानाकडे करा. तरी नाही जमलं तर या. पण बाजूच्या दोन स्पीकरच्याच कंपनीचा घ्या, नाहीतर एकच माणूस दोन आवाजांत बोलल्यासारखा वाटेल."

रविवारी दुपारी फुलदाणी हलवली. स्पीकर वरच्या फळीवर आणला, पुढच्या बाजूने उचलायला मुलीची दोन खोडरबरं खाली सरकवली. बाबा सोफ्यावरून हाताने खुणा करत होते. "अजून वर. तोंड माझ्याकडे." शेवटी एकट्या मधल्या स्पीकरचा आवाज थोडा वाढवला आणि नाटक लावलं.

पहिला विनोद झाला. नट पाठमोरा होता, ओठ दिसतच नव्हते. बाबा हसले, आमच्याही आधी. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली.

"तुमका ऐकाक येता?"

"येता तर," बाबा म्हणाले. आई त्यांच्याशेजारी बसली.

पहिला अंक संपेपर्यंत ते उठले नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जरा बारीक कर रे. शेजारची माणसां निजली असतली."