प्रस्थानात ठेवलेलं परमिट

“परमिट? ते प्रस्थानात आहे,” काका म्हणाले.

दारात टॅक्सी उभी. डिकीत बॅगा चढलेल्या. सकाळचे साडेआठ. कुवेंपुनगरच्या त्या घरी मी फक्त शेवटचं चेकिंग करायला गेले होते.

म्हैसुरात मी वीस वर्षं ट्रॅव्हल एजन्सी चालवली. आमच्या धंद्यात सगळ्यात कटकटीचं बुकिंग म्हणजे लक्षद्वीप. त्यापेक्षा परदेश परवडला! तिथल्या लहान बेटावर जायला सरकारी परमिट लागतं. तेव्हा ते शिक्का मारून कागदावर यायचं आणि कोचीच्या एअरपोर्टवर ओरिजिनलच दाखवावं लागायचं. झेरॉक्स चालत नसे. विमान छोटं, रिसॉर्टमध्ये मोजक्या खोल्या. त्यात पावसाळा आला की रिसॉर्ट बंद. काकाकाकूंना मिळाली ती सीझनची शेवटची खोली होती.

आणि पुढच्या सीझनपर्यंत थांबायची सोय नव्हती. काकूंच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. उरलेली नजर किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. काकू रंगाऱ्यांच्या घरातल्या. त्यांचे अप्पा निळीच्या हौदात लुगडी बुचकळायचे आणि म्हणायचे, खरा निळा बेटाजवळच्या पाण्यालाच जमतो. “दिसतंय तोवर मला ते पाणी बघायचंय गं,” एवढंच काकू मला म्हणाल्या होत्या. त्या परमिटसाठी मी तीन महिने फोन करत होते.

“काका, प्रस्थानात म्हणजे कुठे?”

“हिनकलला. माझे मित्र गणपतराव, त्यांच्या देवघरात.”

निघायच्या दिवशी होती अमावस्या. विमानाची तारीख काही पंचांग बघून ठरत नाही. मग काकांनी जुना उपाय केला. चांगल्या मुहूर्तावर तांदूळ, सुपारी आणि प्रवासातली एखादी वस्तू फडक्यात बांधून दुसऱ्याच्या घरी ठेवायची, म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. खरं निघताना ते गाठोडं उचलायचं. आमच्या आईनंही ठेवलंय. पण ती रुमाल ठेवायची!

“अहो, परमिटच कशाला ठेवलंत?”

“महत्त्वाची वस्तूच ठेवायची असते. रुमाल ठेवून देवाला फसवू?” काका रिटायर्ड मास्तर. चूक नेहमी समोरच्याची.

“आयतु, ठीक आहे, चला हिनकलला,” मी म्हटलं.

हिनकलला गणपतरावांच्या दाराला हे एवढं कुलूप. शेजारीण म्हणाली, नवराबायको लग्नाला हासनला गेलेत, किल्ली मुलाकडे, मुलगा बेळगोळच्या फॅक्टरीत. मुलाचा फोन बंद. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“परवागिल्ला, काही बिघडत नाही गं, संध्याकाळी येईल तो,” काका म्हणाले.

“संध्याकाळी? काका, गुंडलुपेटच्या पुढचा जंगलातला रस्ता रात्री बंद होतो. उद्या सकाळी विमान आहे. तुम्ही हत्तीवर बसून जाणार का कोचीला?”

काका टॅक्सीत जाऊन बसले. टॅक्सी बेळगोळकडे. काकू मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेल्या. त्या अजून एका शब्दानं बोलल्या नव्हत्या, आणि त्याचाच मला जास्त त्रास होत होता.

फॅक्टरीच्या गेटवर वॉचमन. फोन सगळ्यांचे गेटवर जमा. मुलाची डबल शिफ्ट, सुटणार रात्री दहाला.

“त्याला दोन मिनिटं बाहेर बोलवा.”

“आगल्ला, मेडम.” होणार नाही. “सुपरवायझरची चिठ्ठी पाहिजे.”

“मग सुपरवायझरला बोलवा.”

“त्यालाही चिठ्ठी पाहिजे.”

मी आवाज चढवला. त्यानं खुर्ची वळवली आणि पाठ केली. अय्यो देवा! तीन महिन्यांचं काम एका सुपारीपायी बुडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात काकू टॅक्सीतून उतरल्या. दाराला धरून, पाय चाचपत गेटपाशी आल्या आणि त्याला हळू कानडीत म्हणाल्या, “बाबा, मला तुझा शर्ट दिसतोय, चेहरा दिसत नाही. पुढच्या वर्षी शर्टही दिसणार नाही. मला एकदा समुद्र बघायचाय. किल्ली आत आहे.”

वॉचमन उठला. आधी आपली खुर्ची काकूंना दिली, मग आत फोन लावला. दहा मिनिटांत गणपतरावांचा मुलगा धावत आला आणि किल्ली देऊन परत पळाला.

देवघरातलं गाठोडं सोडलं. परमिटवर हळदीकुंकू! थेट शिक्क्यावर अंगठा. मी काकांकडे नुसतं बघितलं.

“शुभ असतं,” ते पुटपुटले.

साडेअकराला टॅक्सी सुटली. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. एअरपोर्टवरच्या ऑफिसरनं परमिटचा वास घेतला, म्हणे, आणि सोडलं.

परत आल्यावर दोघं पेढे घेऊन ऑफिसात आली.

“दिसलं का, काकू?”

“कडेचं धूसर होतं. पण समोर दिसलं गं. खालून एक निळा, वरून एक, आणि मध्ये हिरवट झाक. इतक्या बुचकळ्या आमच्या अप्पांनी कुठल्या लुगड्याला दिल्या नाहीत.” बोलता बोलता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. माझेही डोळे भरून आले.

काकांनी घसा साफ केला. “बघितलंस ना? प्रस्थान ठेवलं म्हणून सगळं निर्विघ्न पार पडलं.”

मी हात जोडले. आणि त्याच दिवशी चेकलिस्टच्या पहिल्या ओळीत, तिकिटाच्याही वर, लिहून टाकलं: प्रस्थान ठेवलंय का? कुणाकडे? आणि त्यांच्या घराची किल्ली कुणाकडे?