एका पायातली चप्पल

वडिलांच्या पायाची पट्टी बदलायला मी त्यांना घेऊन दर आठवड्याला गावच्या सरकारी दवाखान्यात जातो. तिथल्या सिस्टरचा आवाज कायम बसलेला असतो. तापाचा पेशंट आला की तिचं ठरलेलं, "घरून गोळी खाऊन आलाव का? खरं सांगा, मी रागवत न्हाई." माणूस दुकानातली गोळी घेतल्याचं कबूल करतो आणि ती रागावते. "तीच गोळी मी अजून दिली असती, मग?"

अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं की ती पेशंटच्या एका पायातली चप्पल काढून घेते आणि टेबलाखाली सरकवते. अर्धा तास बाकावर बसल्याशिवाय ती परत मिळत नाही.

"सिस्टर, झरीचा ऑटो जायलाय."

"जाऊ दे. औषध सोसलं न्हाई, वाटंत दम लागला, तर कोण हाय तिथं?"

लोक कुरकुरतात, पण एका चपलेवर जाणार कुठं?

मागच्या आठवड्यात तिलाच ताप होता. डोळे लाल, तरी उभीच. शेवटी डॉक्टरांनी दटावलं तेव्हा तिनं दुसऱ्या सिस्टरकडून इंजेक्शन घेतलं, स्वतःच्या एका पायातली चप्पल काढून टेबलाखाली सरकवली आणि बाकावर वडिलांशेजारी येऊन बसली. तिला बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. भिंतीला डोकं टेकताच तिचा डोळा लागला.

अर्धा तास होऊन गेला. दुसऱ्या सिस्टरनं येऊन तिचा श्वास बघितला, अंगाला हात लावून बघितला, आणि चप्पल काढायला टेबलाखाली वाकली.

वडील हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की तिथंच."