निवडलेलं गवत

फॅक्टरीच्या कँटीनमध्ये पालेभाजी निवडायचं काम काकूंनी उभा जन्म केलं. जुडी सोडायची, देठ खुडायचे. पिवळं पान, किडकं पान, काडी, तुरा, सगळं बाजूला. त्यांच्या हाताखालून गेलेल्या भाजीत कुणाला कधी काडी सापडली नाही. त्यांच्या नजरेखालून गेलेल्या माणसात मात्र खोट हमखास सापडायची. 'निवडकाकू' हे नाव त्यांना कँटीनमध्येच पडलं. त्यांच्या तोंडावर कुणी ते घेत नसे, आणि त्यांना ते माहीत नव्हतं असंही नाही.

काका त्याच फॅक्टरीत फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीवर माणूस आत उभा राहील एवढा पिंजरा उभारला. भंगारातले अँगल, बारीक जाळी, आणि एकापाठी एक दोन दारं. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे पाखरू निसटत नाही. आत लाल चोचीची, मुठीत मावतील अशी फिंच पाखरं. रोज सकाळी काका पिशवी आणि विळा घेऊन कालव्याच्या बांधावर जायचे, रानगवत आणायचे, गच्चीवरच्या नळाखाली धुवायचे आणि जुड्या बांधून जाळीला टांगायचे. निघताना दारात थांबून विचारायचे, "येतेस का?"

"जन्मभर पाला निवडला, आता गवत कापायला येऊ? तुम्हीच जा. आणि येताना चिखलाच्या चपला बाहेर काढा."

"तुला गवतातलंसुद्धा कुसळ दिसतं बघ."

"दिसणारच. कुणीतरी बघायला नको?"

काका हसत जिना उतरायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायचे. काकू गच्चीवर जात त्या कपडे वाळत घालायला. पिंजऱ्याकडे पाठ करून चिमटे लावायच्या आणि खाली यायच्या.

मग एके दिवशी दाढी करताना काकांच्या हातातून वस्तरा गळून पडला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आदल्या संध्याकाळीच ते जेवताना म्हणाले होते, "त्या म्हाताऱ्या जोडीने पुन्हा अंडी घातलीत गं. मागच्या दोन वेळची पिल्लं दगावली. आता ही शेवटचीच." काकू तेव्हा भांडी आवरत होत्या. त्या नुसतं "हं" म्हणाल्या होत्या.

काका इस्पितळातून घरी आले त्याच आठवड्यात अंडी फुटली. काकूंनी पलंगाजवळ वाकून सांगितलं, "अहो, पिल्लं झाली. तीन आहेत." काकांच्या ओठांचा डावा कोपरा हलला. आजारपणानंतरचं ते पहिलं हसू. काकूंनी तिथेच ठरवून टाकलं: पिल्लं दांडीवर बसेपर्यंत जगवायची आणि यांना खुर्चीत घालून वर न्यायचं.

लेक चार दिवस राहायला आली होती. ती म्हणाली, "आई, तू बाबांना सांभाळणार की पाखरांना?"

"दोन्ही एकच आहे. तू सूप ढवळ, खाली लागेल."

आता पिशवी आणि विळा घेऊन काकू बांधावर जाऊ लागल्या. गवत आणलं की गच्चीवर बैठक मारून ते निवडायला बसायच्या. मनात एकच होतं, आजवर या पाखरांना धड निवडलेलं काही मिळालंच नाही. वरचे तुरे, कणसं, कुसळं त्या कचाकच खुडून टाकत. इवल्या पिल्लांच्या घशात अडकलं म्हणजे? राहिलेली कोवळी पाती तीनदा धुऊन त्या वाडग्यात घालायच्या आणि आधी काकांना दाखवायला आणायच्या.

"बघा. एक काडी सापडायची नाही."

काका वाडग्याकडे बघायचे आणि त्यांचा डावा हात उठायचा. अंगठा आणि बोट जुळवून ते हवेतच काहीतरी धरायचे आणि वर ओढायचे. पुन्हा धरायचे, पुन्हा वर ओढायचे.

"काय हवंय? बटण लावू का?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा तीच चिमूट.

"आई, मीठ म्हणतायत," लेक म्हणाली. "तुझं सूप अळणी असतं, हे सगळ्या जगाला माहितीय. बाबांनी आता सांगायचं धाडस केलंय."

काकूंनी सुपात मीठ वाढवलं. काकांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी वाडगा पाहिला की पुन्हा चिमूट, पुन्हा मीठ. शेवटी काकांनी डावा हात पलंगावर आपटला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. काकू म्हणाल्या, "असं चिडून कसं चालेल? डॉक्टरांनीच मीठ कमी सांगितलंय ना?"

वर एक पिल्लू घरट्यात गार पडलं होतं. काकूंनी ते कुंडीत पुरलं आणि दुसऱ्या दिवशी गवत आणखी बारकाईने निवडलं. पिंजऱ्यातल्या डब्यात पाखरांचं कोरडं धान्य, राळं, भरलेलं होतंच. म्हातारी जोडी ते स्वतः खायची, पिल्लांना भरवायची नाही. दुसरं पिल्लू गेलं. काकूंनी काकांना सांगितलं नाही. "छान आहेत," एवढंच म्हणाल्या. लेक तिच्या घरी परतली.

तिसरं पिल्लू गेलं त्या सकाळी काकू निवडलेला वाडगा मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या. कोपऱ्यात तुऱ्यांचा ढीग साठला होता. त्यावर चिमण्यांची झुंबड उडालेली. रोजचंच होतं ते, आणि रोज काकू फडकं मारून त्यांना हुसकावायच्या. आज हात उचलला नाही. एका चिमणीने गवताचा तुरा बुडाशी चोचीत धरला आणि चोच सरसर टोकापर्यंत ओढत नेली. दाणे मटकावून तिने दुसरा तुरा धरला. इकडे जाळीच्या आत म्हातारी मादी त्याच ढिगाकडे तोंड करून जाळीला लटकली होती. तिच्या खाली परवाची धुतलेली पाती वाळून पडली होती.

काकूंनी वाकून एक तुरा उचलला. अंगठा आणि बोटात धरून वर ओढला. तळहातावर हिरवे दाणे पडले. एक दाबला, तर राळ्यासारखा कडक नव्हता, दुधासारखा चीक आला.

त्या आपल्या जुळलेल्या बोटांकडे बघत राहिल्या.

खाली येऊन त्या पलंगावर टेकल्या. काका त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघत होते.

"मीठ नव्हतात मागत तुम्ही," काकू म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "एकही राहिलं नाही हो."

काकांनी डोळे मिटले. मग डावा हात चाचपडत आला आणि काकूंच्या मनगटावर थांबला. रागावले असते तर बरं झालं असतं, असं काकू पुढे लेकीला म्हणाल्या. "रोज विचारायचे गं. एक दिवस नुसती मागे जाऊन उभी राहिले असते तरी दिसलं असतं."

त्या जोडीने पुन्हा अंडी घातली नाहीत. पिंजऱ्यातली बाकीची पाखरं आहेत. काकू अजून बांधावर जातात, तुऱ्यांसकट गवत आणतात, आणि वर नेण्याआधी एक जुडी पलंगावर ठेवतात. काका डाव्या हाताने एकेक तुरा ओरपतात. निम्मे दाणे चादरीवर सांडतात. काकू चादर झटकत नाहीत. बोटाने एकेक दाणा वेचतात आणि पदरात बांधून गच्चीवर नेतात.